राहिलेला माल

बुकिंगबाबू गेले, त्यांच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी मी त्यांच्या घरी गेलो होतो. मी त्यांना शेवटपर्यंत बुकिंगबाबूच म्हणत आलो. माल बुक करण्याची ती नोकरी सुटून बरीच वर्षं झाली होती, तरी दुसरं काही तोंडात बसलं नाही. भंतेजींचं सुत्तपठण झालं, जेवणं झाली, माणसं पांगू लागली, तेव्हा त्यांच्या सुनेनं विचारलं, "काका, बाबांची अन् तुमची ओळख कुठली?"

"वाडीची," मी म्हणालो.

"हो का," म्हणाली आणि पाहुण्यांकडे वळली. एवढ्या गर्दीत याहून जास्त सांगणं शक्य नव्हतं. पण घरी आल्यापासून ते माझ्या डोक्यात आहे. ओळख वाडीची होती, पण ती झाली कशी हे मला नीट सांगता येत नाही. मी वाचणारा माणूस आहे, लिहिणारा नाही. एक वाक्य लिहितो, मग हे असंच झालं होतं का, या विचारात बसून राहतो. म्हणून हे सावकाश चाललं आहे.

ऐंशीच्या दशकाच्या मधली ती वर्षं. मी कॉम्प्युटर सेंटरमधली नोकरी सोडून स्वतंत्र काम सुरू केलं होतं. व्हिजिटिंग कार्डावर 'कन्सल्टंट' असं छापलं होतं. नागपूरच्या महाल भागात आमच्या गल्लीत त्या शब्दाचा अर्थ कोणालाच माहीत नव्हता. समोरचे सायकलदुरुस्तीवाले काका कार्ड उलटंसुलटं करून म्हणाले होते, "काय गा, कन्सल्टंट म्हंजे नोकरी सुटलेला का?" मी हसलो. ते फारसे चुकलेही नव्हते.

माझ्याकडे येणारं काम बहुतेक एकाच प्रकारचं असे. कोणीतरी कधीतरी एखाद्या कंपनीसाठी प्रोग्राम लिहिलेला असे. लिहिणारा मुंबईला, नाहीतर परदेशात निघून गेलेला असे. प्रोग्राम मात्र तिथेच चालत राही, आणि एखाद्या दिवशी काहीतरी विचित्र वागू लागे. मग कोणीतरी माझं नाव सांगत असे.

नागपूरबाहेर वाडी म्हणून गाव आहे, तिथल्या एका ट्रान्सपोर्ट कंपनीचं असंच झालं. अमरावती रोडवर गोडाऊन. पुढच्या बाजूला ट्रक उभे, आत पोती आणि पेट्या, आणि एका कोपऱ्यात काचेची खोली. नागपूरच्या उन्हात एसी फक्त त्या खोलीला होता, तोही माणसांसाठी नाही, मशीनसाठी. बाहेर चपला काढून आत जावं लागे. मॉनिटरला हळदकुंकू लावलेलं असे. शेठ रोज सकाळी त्याच्यासमोर उदबत्ती ओवाळत, आणि धुरानं मशीन खराब होईल हे त्यांना सांगायची हिंमत माझ्यात नव्हती.

त्या मशीनचं मुख्य काम होतं लोडिंग शीट छापणं. दिवसभर बुकिंगला आलेल्या मालाची नोंद व्हायची, आणि दुपारी कोणत्या गाडीत काय भरायचं याचा कागद निघायचा. कालचा काही माल जागेअभावी राहिला असेल तर तो या कागदावर सगळ्यात वर यायचा, म्हणजे तो आधी भरला जाई. हमाल त्या कागदाप्रमाणे माल उचलत. कागदावर जे नाही, त्याला कोणी हात लावत नसे.

गेले काही महिने राहिलेला माल मधूनमधून कागदावरून गायब होत होता. रोज नाही. गायब झाला की तो तसाच पडून राही, त्याच्यावर दुसरी पोती रचली जात, आणि कधीतरी मागून निघे. एका शिवणयंत्राची पेटी अशी निघाली. एका शाळेचं प्रयोगशाळेचं काचसामान निघालं. आणि शेवटी एक खोकं निघालं लग्नपत्रिकांचं, लग्न लागून गेल्यावर. मुलीचे वडील गोडाऊनमध्ये येऊन उभे राहिले आणि मोठमोठ्यानं बोलले. ते गेल्यावर शेठ त्यांच्याहून मोठ्यानं बोलले. सगळ्या हमालांसमोर, ड्रायव्हरांसमोर त्यांनी बुकिंगबाबूंना चोर म्हटलं. चहापाणी मिळालं की माल पुढे सरकवतो, नाही मिळालं की दाबून ठेवतो, असं त्यांचं म्हणणं होतं.

मला बोलावलं होतं ते दोष शोधायला नव्हे. "देखो साहेब," शेठ म्हणाले, "मशीन खोटं बोलत नाही. माणूस बोलते. तुम्ही फक्त मशीन बरोबर आहे म्हणून तपासून सांगा. शनिवारी मी याचा हिशेब करून टाकतो."

बुकिंगबाबू तिथेच उभे होते. माझ्याच वयाचे, सडपातळ, पांढरा इस्त्रीचा शर्ट. त्यांच्या वस्तीत मॅट्रिक होऊन ऑफिसात खुर्चीवर बसणारे ते पहिल्या काही जणांतले. मशीनवर नोंदी करायचं ते स्वतः शिकले होते. मी त्यांना काय विचारावं ते मला कळेना.

"तुम्ही पत्रिकांच्या खोक्याची नोंद केली होती?"

"केली होती."

"मग?"

"शीटवर आलं नाही. याच्यापुढे मले काही माहीत नाही, सर."

आम्ही बाहेर चहाला निघालो तेव्हा पोत्यांवर बसलेला एक हमाल दुसऱ्याला म्हणाला, "बाबू येऊन राहिले, चपला सांभाळा बे." दोघंतिघं हसले. बुकिंगबाबूंनी ऐकलं नसेल असं समजून मी भलताच विषय काढला. त्यांनी ऐकलं होतं. चहा अर्धा झाल्यावर ते म्हणाले, "घरी अजून सांगितलं नाही. मायले काय सांगू? आमच्या घरात कोणी शिकलं नव्हतं, कोणाजवळ काही नव्हतं, पण हे नाव कोणावर नाही आलं आजवर."

मी मशीनवर बसलो. कालचा म्हणून थोडा माल नोंदवला, आजचा थोडा नोंदवला, शीट काढली. राहिलेला माल वर, आजचा खाली, सगळं बरोबर. दुसऱ्या दिवशी त्याच पद्धतीनं केलं, तर राहिलेला माल गायब. पुन्हा मशीन बंद करून सुरू केलं, पुन्हा नोंदी केल्या, माल परत आला. मी तेच करत होतो आणि वेगवेगळं उत्तर येत होतं. फ्लॉपीवर संशय आला, विजेवर आला, मग स्वतःवर आला. शेठ काचेतून बघत होते. "काय साहेब, झालं का?" मी मान हलवली. ती हो म्हणून हलवली की नाही म्हणून, ते मलाही कळलं नाही.

प्रोग्राम छापून घेतला आणि ते लांबलचक भेंडोळं मोपेडला बांधून महालात घरी आणलं. खोलीत जमिनीवर पसरून ओणवा होऊन वाचत बसलो. दुसऱ्याचा प्रोग्राम वाचणं मला तेव्हा कादंबरी वाचण्यासारखं वाटायचं. लिहिणारा दिसत नसला तरी त्याचा स्वभाव दिसतो. हा पहिला लेखक मराठी होता आणि टापटिपीचा होता. प्रोग्राममध्ये आकडे नि तारखा ठेवायला छोटे डबे करतात आणि प्रत्येक डब्याला नाव देतात. याची नावं इंग्रजी अक्षरांत, पण शब्द मराठी: माल, गाडी, आज, काल. 'काल' हा डबा त्यानं के, ए, एल अशा तीन अक्षरांत लिहिला होता. आजच्या तारखेतून एक दिवस वजा करून ती तारीख त्यात ठेवायची, आणि मग काल बुक झालेला नि अजून न गेलेला माल शोधायचा. इथपर्यंत सरळ होतं.

पण बरंच पुढे गेल्यावर हात बदलला होता. कोणीतरी नंतर मध्येच एक भाग जोडला होता. ओळींमधली जागा वेगळी, लिहायची ढब वेगळी, जणू एखाद्या पुस्तकात दुसऱ्याच लेखकाचं प्रकरण शिवून टाकलं आहे. हा भाग अशा मालासाठी होता की जो पार्टी आज आणून देते, पण 'आज पाठवू नका' असं सांगते. आणि इथे त्याच तीन अक्षरांच्या डब्यात आजच्या तारखेत एक दिवस मिळवला होता.

मी ते वाचलं आणि थांबलो. कालची तारीख काढायला दिवस मिळवतं कोण? हा माणूस गडबडीत होता, मी ठरवलं. कॉपी केलेल्या फ्लॉपीवर अधिकची खूण काढून वजाची केली. आता थांबवून ठेवायचा माल चुकू लागला. म्हणजे त्याचं मिळवणं बरोबर होतं. मग पहिल्याचं वजा करणं चूक असेल म्हणून ते बदलून पाहिलं, तर राहिलेला माल एकाही दिवशी दिसेना. म्हणजे तेही बरोबर होतं. दोघंही बरोबर होते, आणि मुलीच्या लग्नाच्या पत्रिका पोत्यांमागे पडून राहिल्या होत्या.

आज मला वाटतं हे कोणालाही चटकन दिसायला हवं. तेव्हा दिसलं नाही. ती तीन अक्षरं आली की मी मनात 'काल' असं वाचत होतो आणि पुढे जात होतो. ज्याचा काल उद्या येतो असा माणूस कसा असेल, याचाच मी विचार करत बसलो होतो. शेवटी प्रोग्राम गुंडाळला आणि एक जाड कादंबरी उघडली. तीही समजेना.

शुक्रवारी दुपारी पुन्हा वाडीला होतो. शेठना सांगायला माझ्याकडे काहीच नव्हतं. मशीन बरोबर आहे म्हटलं असतं तर बुकिंगबाबू गेले असते. चूक आहे म्हटलं असतं तर कोणती, हे मला सांगता आलं नसतं. बुकिंगबाबू बाहेरच्या टेबलावर ट्रंक कॉलवर जबलपूरच्या ऑफिसशी बोलत होते. लाइन खराब होती. ते एका कानात बोट घालून ओरडत होते.

"हाँ, गाड़ी कल! कल! ... अरे कौनसा कल क्या पूछते हो? ... नहीं भाई, वो गया! आनेवाला कल! आनेवाला!"

मग रिसीव्हरवर हात ठेवून ते कोणाला उद्देशून नाही असं म्हणाले, "याले कल म्हटलं तर समजत नाही, परसों म्हटलं तर समजत नाही. आता याले काय पंचांग पाठवू?"

मी काचेच्या खोलीत चपला न काढता गेलो. शेठ ओरडल्याचं आठवतं.

दुसरा प्रोग्रामर हिंदी बोलणारा होता. के, ए, एल. पहिल्यानं लिहिलं काल. दुसऱ्यानं वाचलं कल. त्याला उद्यासाठी एक डबा हवा होता, आणि तयार डबा त्याला नावासकट सापडला. ज्या दिवशी कोणी पार्टी 'उद्या पाठवा' म्हणून माल देई, त्या दिवशी डब्यातली कालची तारीख जाऊन उद्याची येऊन बसे, आणि मशीन उद्या बुक झालेला माल शोधायला जाई. तो कुठून सापडणार? ज्या दिवशी असा माल येत नसे, त्या दिवशी सगळं ठीक चाले. माझ्या चाचणीत मी कधी असा माल घातला होता, कधी नव्हता. त्याकडे माझं लक्षच गेलं नव्हतं.

मी मुद्दाम उद्याचा एक खोटा नग नोंदवला. शीट काढली. राहिलेला माल गायब. नग खोडला, मशीन पुन्हा सुरू केलं, शीट काढली. माल हजर. मग दुसऱ्याच्या भागासाठी नवा डबा केला आणि त्याला नाव दिलं उद्या. काम संपलं.

शेठनी सगळं ऐकून घेतलं. त्यांना निम्मं समजलं असावं. "म्हणजे मशीनची चूक?"

"प्रोग्रामची. ज्यांनी लिहिला त्यांचीही म्हणता येत नाही. नावाची."

"बरं. दुरुस्त झालं ना?" ते बुकिंगबाबूंकडे वळले. "चल, काम कर."

बुकिंगबाबू हलले नाहीत. एवढ्या दिवसांत मी त्यांना मोठ्यानं बोलताना ऐकलं होतं ते फक्त जबलपूरशी. आता ते अगदी हळू बोलले.

"शेठ, चोर म्हटलं ते बाहेर म्हटलं, सगळ्याइसमोर. चूक झाली ते इथं काचेच्या आत सांगून राहिले. काहून?"

शेठनी टेबलावरची उदबत्तीची राख बोटानं गोळा केली. "काय पाहिजे तुले?"

"बाहेर सांगा."

शेठ माझ्याकडे बघून म्हणाले, "तुम्ही सांगा साहेब. मले ते कल-बिल नाही जमत."

मग आम्ही बाहेर आलो. हमाल जमले, दोन ड्रायव्हरही आले. मी आयुष्यात कधी भाषण केलं नव्हतं. मी सुरुवात केली, "मशीनमध्ये एक डबा असतो..."

"केवढा डबा?" एका वयस्क हमालानं विचारलं.

"म्हणजे खरा डबा नाही."

"मग माल कुठे ठेवते?"

"माल नाही, तारीख ठेवतो. त्या डब्यावर नाव होतं. एकानं ते काल असं वाचलं, दुसऱ्यानं कल. म्हणजे एकाचं झालं मागचा दिवस, दुसऱ्याचं पुढचा."

एक ड्रायव्हर ट्रकच्या फळीला टेकून ऐकत होता. तो म्हणाला, "कल तो दोनों होता है, साहब. इसमें गड़बड़ क्या है?"

त्याच्या भाषेत खरंच काही गडबड नव्हती.

"ते राहू द्या," चपलांचा विनोद करणारा हमाल म्हणाला, "चोर कोण ते सांगा."

"कोणीच नाही."

"असं कसं गा? पेटी राहिली, पत्रिका राहिल्या, अन् चोर कोणीच नाही?"

"मशीन चोर!" मागून कोणीतरी ओरडलं, आणि सगळे हसायला लागले. "टाका तिले पोलिसात!" मशीनही चोर नाही, असं मी म्हणणार होतो. बुकिंगबाबूंनी माझ्या बाहीला हात लावला. "राहू द्या सर," ते म्हणाले.

शेठ इतका वेळ मागे उभे होते. हसणं थांबल्यावर ते खाकरले आणि म्हणाले, "बाबूनं काही केलं नाही. चला, गाडी भरा." एवढंच. मग ते आत गेले.

ते पुरेसं होतं की नव्हतं, मला तेव्हा सांगता आलं नसतं. 'मी चुकलो' असं ते म्हणाले नव्हते. पण बाहेर बोलले होते, आणि सगळ्यांनी ऐकलं होतं. मी बुकिंगबाबूंच्या चेहऱ्याकडे पाहिलं. ते शीट हातात घेऊन गाडीकडे निघाले होते.

पुढच्या आठवड्यात प्रोग्राम नीट चालतो ना ते पाहायला मी गेलो. दुपारची शीट निघाली, गाड्या भरल्या, फळ्या लागल्या. मी निघायच्या बेतात होतो, एवढ्यात बुकिंगबाबू काचेच्या खोलीतून बाहेर आले, वजनकाट्याच्या पाट्यावर चढले आणि जबलपूरशी बोलत तसे ओरडले, "आज भांड्याचे दोन नग राहिले! जागा नव्हती म्हणून राहिले! उद्या जातील!" आणि खाली उतरून आत गेले.

हमाल आधी एकमेकांकडे बघत राहिले. मग कोणीतरी शिट्टी वाजवली.

पण ते रोज चालू राहिलं. मी त्या कंपनीत पुढे वर्षानुवर्षं जात होतो. काही काम नसलं तरी जायचो. बुकिंगबाबूंना वाचनाची गोडी होती आणि मी त्यांना पुस्तकं नेऊन द्यायचो, ते महालात घरी येऊन परत करायचे, आणि मग आम्ही त्या पुस्तकांबद्दल कमी आणि इकडचं तिकडचं जास्त बोलायचो. ओळखीची अशी मैत्री झाली. दुपारी मी वाडीत असलो की ते पाट्यावर चढताना दिसायचे. काय राहिलं, का राहिलं, कधी जाणार. नवे हमाल हसायचे, जुने त्यांना गप्प करायचे. हिंदीवाले ड्रायव्हर असले तर तेच पुन्हा हिंदीत सांगायचे, आणि 'आनेवाला कल' म्हणायला विसरायचे नाहीत.

एकदा मी त्यांना विचारलं, आता कोण संशय घेतं तुमच्यावर? रोज कशाला ओरडता? त्या जुन्या शेठनी सगळा धंदा मुलाकडे दिला होता, मशीनही बदललं होतं. ते म्हणाले, "नाही सांगितलं तर घरी जेवण जात नाही." विषय तिथेच थांबला. आम्ही तेव्हा एका पुस्तकाबद्दल बोलत होतो, त्याकडे वळलो. मी त्या दिवशी काचेच्या खोलीत काही शोधून काढलं म्हणून त्यांची नोकरी राहिली, असं ते कंपनीत सगळ्यांना सांगत असत. ते मला कधीच पूर्ण पटलं नाही. नोकरी राहिली हे खरं. पण ज्या माणसाचं नाव स्वच्छ झालं आहे तो रोज पाट्यावर का चढेल? की चढतो म्हणूनच ते स्वच्छ राहतं, असं त्यांना वाटत असेल? विचारायचं होतं. विचारलं नाही.

त्यांच्या नोकरीच्या शेवटच्या दिवशी मी मुद्दाम वाडीला गेलो. हार झाले, पेढे झाले, फोटो झाला. तरी शीट त्यांनीच काढली. त्या दिवशी सगळा माल गेला होता, गोडाऊनचा तो कोपरा रिकामा होता. मला वाटलं आज ते बाहेर यायचे नाहीत. पण आले. हार गळ्यातच होता. पाट्यावर चढले, इकडेतिकडे पाहिलं, आणि ओरडले, "आज काही राहिलं नाही!"

हमाल बाहेरून आलेली गाडी उतरवत होते, कोणी वर पाहिलं नाही. फक्त एकानं, पोतं पाठीवर होतं तसंच, वाकल्या वाकल्या म्हटलं, "ऐकलं बाबू."